फडताळातले लाडू

"मांजर फडताळाची कडी काढतं का गं?" लहानपणी देवासला वैद्यांच्या ओसरीवर ऐकलेला हा आवाज अजून कानात आहे. विचारणारी सासू होती, शेजारी सून.

"लाडू मीच खाल्ले, सासूबाई. भूक लागते."

"दोन्ही वेळा पोटभर जेवून? भस्म्या रोग झालाय तर! वैद्य कडू जहर काढा देतील."

"घेईन."

"इतक्या सहज घेशील? म्हणजे लाडू तू खात नाहीस, कुणाला तरी देतेस. माहेरी, राजगढला धाडतेस?"

"नाही हो!"

"खरं बोल, नाहीतर आजच माहेरी पोचवते."

"अक्कावन्सं दुपारी पानावर बसतात, अन् भिंतीपलीकडून विटाळशीचा आवाज आला की विटाळ झाला म्हणून तशाच उपाशी उठतात. विधवेचं दिवसाचं तेवढंच जेवण. तुमच्याच लेकीच्या उशाशी लाडू ठेवते मी."