पिशोरचा ठिपका

— नाही, फोनचा पडदा ठीक आहे रे पुंडलिक, आवाजही येतो. मला एवढंच सांग, मी कुठं जातो ते गोकुळला यातून दिसतं का? — दिसतं. मला वाटलंच होतं. म्हणजे खात्री नव्हती, माझी कशाचीच नसते आता. मला चक्कर आली, तेव्हा यानंच फोन आणून दिला. म्हणाला, तात्या, काळजी वाटते, इथं ‘मान्य’ दाबा. दाबलं. तुम्हा पोरांना तीस वर्षं कायदा शिकवला मी, आणि वाचलंसुद्धा नाही काय मान्य केलं ते. पोटचा पोरगा, त्याचं काय वाचायचं?

दोन गुरुवार मी घरी ग्रंथालय सांगून पिशोरला गेलो. माझी बहीण असते तिथं, मनकर्णा. दोन एकर तिच्या नावानं करून द्यायचेत, बक्षीसपत्र तयार आहे. कुणाला बोललो नव्हतो — वकील सोडून कुणालाच नाही. तिसऱ्या गुरुवारी गेलो, तर तिच्या ओट्यावर पेढ्यांचा पुडा. आदल्या दिवशी गोकुळ येऊन गेलेला! पाया पडला म्हणे, आणि सांगून गेला — आत्या, तात्यांचं डोकं ठिकाणावर नाही, ते कसलाही कागद आणतील, हात लावू नका. नकाशावर माझा ठिपका पिशोरात दिसला असणार, बाकीचं त्यानं ओळखलं. वेडा ठरवलं रे मला, तेही कुणाकडं जाऊन, तर तिच्याकडं.

तिनं ऐकलं का? ऐकलं ना. मी कागद उघडला, तर पदराखाली हात घेऊन बसली. म्हणाली, “दादा, मागं बी तूच वाचून दाखवला व्हतास. आता नाय.”

मागं म्हणजे — ते जाऊ दे. काय विचारलंस? हक्कसोड. सगळेच भाऊ बहिणींकडून लिहून घेत होते तेव्हा, गावात रीतच होती. भाऊबीजेला आली होती, ओवाळून झालं, मी नऊवारी दिली, कागद पुढं केला. तिला सही येते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवला... अर्धा. जमिनीचा भाग आला तिथं म्हणालो, पुढं सगळं सरकारी आहे, कर सही. आणि सोमवारी वर्गात शिकवलं की मुलीला मुलाइतकाच वाटा. तू होतास का त्या वर्गात?

पुंडलिक, तुझंही गाव पिशोरच ना? गुरुवारी येतोस? तो कागद तिला तू वाचून दाखव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या तोंडून ती ऐकायची नाही. तिनं घेतलं नाही तर माझ्यामागं जमीन गोकुळलाच जाईल, आणि मला आता सत्त्याहत्तरावं लागलंय — नाही म्हणून मान का हलवतोस? गोकुळ तुझा मित्र आहे, हो. ते लक्षातच राहिलं नाही.

असू दे. तू बघ तुझं गिऱ्हाईक, केव्हाची बाई उभी आहे. दे फोन. — नको, तो ठिपका बंद करू नकोस. दिसू दे त्याला. मी जाणार आहे. निदान आत्ता तरी तसं वाटतंय.