दहावी चूल

बसा की, बसा — पिशवी घेते मांडीवर. एस्टीला येळ हाय अजून. तर काय म्हनत व्हते? हां — नळ! आमच्या वाडीत नळ येनार! दारात! सकाळपास्नं येड्यावानी हसतीया मी.

कसा म्हंजे? माजी लेक प्रिया हितं पौडात एका संस्थेत कॉम्प्युटरवर बसती. त्या संस्थेनं डोंगरातली समदी घरं लिवून काढली — एका ओळीला एक चूल. नेम असा, की ज्या वाडीत दहा चुली, तिलाच नळ. आता अशा वाड्या किती, ते कसं काढायचं? मी म्हनलं, मोज बोटावर. तर म्हनली, आई, ओळी मोजून काय व्हतंय, मोजायच्यात वाड्या! आदी एका वाडीच्या ओळींचा एक ढीग, मग ढिगाढिगातल्या चुली बघायच्या, दहाच्या खालचे ढीग बाजूला सारायचे आन् उरलेले ढीग मोजायचे. चुली न्हाई — ढीग! दाबलं बटन. चौदा. आन् आमची वाडी? आमच्या चुली नऊ! एका चुलीपायी गेली की वो! पोरगी रडली. पन म्हनली, आई, आकडा मी बदलनार न्हाई. नगं बदलू, म्हनलं.

मग काय केलं? मी न्हाई काई — म्हंजे — माजा ल्योक बुधा, त्याला आन् सुनंला म्हनलं, माज्याशी भांडा, येगळी व्हा! अवो, त्यास्नी भांडता येईल तर शपत! सून मला शिव्या देता देता हसायची, बुधा तिला पुढचा शब्द सुचवायचा! शेवटी पडवीत दुसरी चूल मांडली, पाहनीवाला आला, लिवून गेला. प्रियानं परत बटन दाबलं — पंधरा! नाचली वो पोरगी! तिला ठावं न्हाई हां, लई सरळ हाय ती. चुली दोन, पन भाकरी अजून एकाच तव्यावर — तुमी परके म्हनून सांगतीया.

आन् गळ्यात काय हाय ते? कार्ड? … आसंच प्रियाच्या गळ्यात पन… कुटं निघालाय तुमी? आमच्या वाडीला? नळाची जागा बघाया?

अगं बया.

सायेब, पोरीनं नुसते ढीग मोजले वो. चूल मी मांडली, मी — तिला काई बोलू नगा. आन् ही एस्टी? न्हाई न्हाई, ही आमच्याकडं जातच न्हाई. मी का चढतीया? — सरका वो, सरका!