दादाच्या गाडीतला लपवलेला स्विच

आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून सहा किलोमीटर. मी तिथंच जन्मलो, दादाबी तिथंच, दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आणि बाप गेला तवा मी चौथीत व्हतो, म्हणून बाप कसा असतो ते मला दादाला बघूनच कळलं. माझं नाव किसन, पण पिंपळगावात नुसतं किसन विचारलं तर कुणी सांगणार न्हाई, वायरिंगवाला किसन म्हणा, मंग कुणीबी दुकानापस्तोर आणून सोडतं. दादा शेती बघायचा, मोसंबीची बाग व्हती, तिला पाणी द्यायचं, आईचं दवापाणी बघायचं, आणि मला म्हणायचा, तू मातीत हात घालू नको, तुझे हात बारीक कामाचे हायेत. मी घरातला रेडिओ खोलून ठिवायचो ना, ते बघून म्हणायचा. दुसरा कुणी असता तर त्यानं बडवलं असतं. दादानं मला एसटीत बसवलं आणि अंबडला उस्तादाकडं नेऊन सोडलं.

उस्ताद म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचा एक नंबर माणूस. बोलायचा कमी, आणि बोलला तर कामाचंच. त्याचा एक कायदा व्हता ताई, तो तुम्ही लिहून घ्या. गाडीतली मूळची वायर आपण तोडली, कुठून कुठं नेली, तर तिला पांढरी पट्टी बांधायची, आणि बॉनेटच्या आतल्या अंगाला चिठ्ठी चिटकवायची, की इथं असं असं केलं हाय म्हणून. आणि एकट्या मालकाला सांगून भागवायचं न्हाई, घरात जो जो गाडी चालवतो त्याला बोलावून हात लावून दाखवायचं. म्हणायचा, चालवणाऱ्याला म्हाईत न्हाई अशी एकबी वायर गाडीत ठिवू नको. सहा वर्षं राह्यलो मी त्याच्याकडं. मंग पिंपळगावात दुकान टाकलं, आणि आजपस्तोर किती गाड्या केल्या त्याची मोजदाद न्हाई, पण हा कायदा म्या एकदाच मोडला, आणि तोबी सख्ख्या भावासाठी.

तुम्हाला गाडीतलं कितपत कळतं म्हाईत न्हाई, म्हणून सोपं करून सांगतो. इंजिन तापतं, त्याला थंड ठिवायला पाणी असतं, ते पाणी पुढच्या रेडिएटरमधी येतं, आणि रेडिएटरच्या मागं फॅन असतो. पाणी जास्त तापलं की एक सेन्सर हाय, तो फॅनला सांगतो, चल, फिर. थंड झालं की फॅन बंद. सगळं आपोआप. आता जुन्या गाडीत काय व्हतं, सेन्सर मरतो, फॅन फिरत न्हाई, पाणी उकळतं, इंजिन बसतं. मंग लोक येतात, किसनभाऊ, फॅनला स्विच देऊन टाक. मी बॅटरीवरून वायर घेतो, फ्यूज टाकतो, रिले, म्हणजे फॅनचा करंट झेलणारी डबी, बसवतो, आणि आत स्टेअरिंगजवळ एक स्विच. गाडी चालू केली की स्विच दाबायचा, फॅन सुरू. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. खर्चबी काही न्हाई. फक्त माणसानं ध्यानात ठिवायचं, दाबला न्हाई तर गाडी गेली.

दादानं गाडी घेतली ती जुनीच, पण दणकट. बागेचं पहिलं चांगलं पीक आलं तवा घेतली. आमच्या वस्तीवर तेवढीच चारचाकी. आता दादाचा स्वभाव काय सांगू तुम्हाला, त्याच्या तोंडातून न्हाई हा शब्द निघायचाच न्हाई. कुणाचं लग्न हाय, न्या. कुणाला पोरगी बघायला जायचं, न्या. शेजारचा गजानन, आमच्या चुलत्याचाच नातू लागतो, तो तर आठवड्यातून दोनदा. आणि वैनीचे तीन भाऊ मंठ्याकडचे, ते आले की गाडी घेऊनच जायचे, चार-चार दिवस ठिवायचे, मंग आणून सोडायचे ती टाकी कोरडी करून, दार चेपलेलं, आत भुईमुगाची टरफलं. दादा बादली घेऊन पुसत बसायचा. मोसंबी तोडायच्या दिवसात बाजारला जायचं तर गाडी मेव्हण्याकडं. मला त्याची कीव यायची आणि रागबी यायचा.

मंग एक दिवस त्याच गाडीचा सेन्सर गेला. दादा दुकानात आला, म्हणला फॅनला स्विच देऊन टाक. मी म्हणालो, नवा सेन्सर बसवतो ना, दोन दिवसात येतो जालन्याहून. म्हणला थांब जरा. आणि हसाय लागला, लहान पोरावानी. म्हणला, स्विच असा लपवून बसव की मला आणि तुलाच म्हाईत. आलेल्या माणसाला मी न्हाई म्हणणारच न्हाई. म्हणीन न्या की, पण बघा बरं, गरम व्हऊन राह्यली. चालू करून उभी ठिवीन, बोलत बसीन, गरमीचा काटा चढला की तोच म्हणंल, राहू द्या दादा.

मलाबी हसू आलं. खरं सांगतो, आम्ही दोघं भाऊ त्या दिवशी दुकानात पोट धरून हसलो. म्या सेन्सरची वायर तोडली, आत घेतली, आणि स्टेअरिंगच्या खाली डाव्या अंगाला, पत्र्याच्या मागं, बोट वर वाकवल्याबिगर लागणार न्हाई असा स्विच बसवला. पट्टी बांधली न्हाई, चिठ्ठी चिटकवली न्हाई. वैनीला तरी सांगू का, मी विचारलं. दादा म्हणला, तिला नको, तिच्या भावांना कळंल.

आणि चाललं ना ताई ते बराबर चाललं. गजानन आला, दादानं चालू करून दिली, दहा-बारा मिनिटं पावसापाण्याचं बोलला, काटा लालमधी, वाफ निघाली, गजाननच म्हणला, दादा बंद करा, इंजिन जाईल. मेव्हणे आले, तेबी तसेच गेले. दोन महिन्यात वस्तीवर गाडीचं नाव पडलं शेगडी. पोरं विचारायची, दादा शेगडी पेटवली का. दादा खुश. चार वर्षं गाडी त्याच्या एकट्याच्या ताब्यात राह्यली, कशी चकाचक ठिवल्ती. फक्त वैनी. वैनी जवा जवा गाडीत बसायची, पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोन पायात धरून बसायची, गाडी तापली तर वतायला. लेकीच्या सासरी जा, देवाला जा, कॅन पायात. दादा सांगायचा अगं ठिव तो मागं, मी हळू चालवतो, काही व्हत न्हाई. ती ठिवायची न्हाई. मी ते बघायचो आणि आतल्या आत हसायचो. आता ते आठवलं की जेवण जात न्हाई.

तो दिवस मला कुणी विचारू नये असं वाटतं, पण तुम्ही इतक्या लांबून आल्या, तर सांगतो. उन्हाळ्याचे दिवस, सकाळचे नऊ-साडेनऊ. मी मंठ्याला गेल्तो, एका जीपचं सगळं वायरिंग करायचं व्हतं. शर्ट खुंटीला, मोबाईल शर्टाच्या खिशात, आणि मी जीपच्या खाली. बाहेर आलो, हात पुसले, बघतो तर वैनीचे सात फोन. मी लावला. उचलला गजाननानं. म्हणला, काका, दादा बागेतून आले आणि ओसरीवरच पडले, उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, पिंपळगावची अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन जालन्याला गेल्ती, अंबडहून दुसरी निघाली, येऊनच राह्यली. म्या विचारलं कवा पडला. म्हणला, व्हईल की सव्वा तास. मी वरडलो, अरे गाडी दारात उभी हाय ना. गजानन म्हणला, शेगडी? काका, ती अर्ध्या वाटेत बंद पडली असती तर काय केलं असतं, उन्हात पेशंट घेऊन. वैनी तुम्हाला तेच विचारायला फोन लावून राह्यल्या व्हत्या, की गाडी चालंल का म्हणून.

गाडी चालंल का. सात फोन. आणि उत्तर एकच व्हतं, स्टेअरिंगखाली बोट घाल, स्विच दाब.

दादा वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं म्हणलं, अजून अगोदर आणलं असतं तर रक्ताची गाठ विरघळायची सुई देता आली असती, एवढं नुकसान झालं नसतं. असं ते सगळ्यांनाच म्हणत असतील, मला म्हाईत न्हाई. पण आमच्या दादाची उजवी बाजू गेली ती गेली, आणि वाचाबी गेली. समजतं सगळं. बोलता येत न्हाई.

दवाखान्याच्या पायरीवर गजानन माझ्यापाशी बसला आणि सांगाय लागला, बिचाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं. म्हणला, काका, दादाचा जीव बघा किती त्या गाडीत, बाजंवर टाकलं तरी डावा हात गाडीकडंच करून राह्यले व्हते. आणि बोट असं वर वाकवायचे, परत परत. आम्हाला वाटलं झाकून ठिवा म्हणतेत, म्हणून वैनीनं ताडपत्री टाकली गाडीवर. तवा दादा लई रडले. मी उठून नळावर गेलो, तोंड धुतलं, परत धुतलं, मला पायरीकडं यावंच वाटंना.

तीन महिने मी कुणाला बोललो न्हाई. दादाला बघायला जायचो, त्याच्या डोळ्यात बघायची हिंमत नव्हती. तोबी बघायचा न्हाई. आम्ही दोघं भाऊ शेजारी बसून भिंतीकडं बघायचो. मंग डॉक्टरनं सांगितलं, दर गुरुवारी अंबडला व्यायामाला आणा, एका बाईकडं, ती हातापायाचे व्यायाम घेती. वैनी मला म्हणली, भाऊजी, दर बारी कुणाची गाडी मागायची, तेवढी शेगडी नीट व्हती का बघा ना.

मी नवा सेन्सर आणला. दादाला ओसरीवर खुर्चीत बसवल्तं, वैनी गाडीपाशी उभी. म्या स्विच काढला, वायर जागच्या जागी जोडली, सेन्सर बसवला, गाडी चालू केली. काटा मधोमध आला, फॅन आपोआप फिरला, काटा खाली. वैनी बघत व्हती. म्हणली, झालं? मी म्हणालो झालं. म्हणली, एवढंच काम व्हतं? मंग चार वर्षं का केलं न्हाई?

मला म्हणता आलं असतं की सेन्सर मिळत नव्हता. तिनं मानलं असतं. तिनं माझ्यावर कवाच संशय घेतला न्हाई, लग्न होऊन आली तवापासून मला जेवायला वाढती. पण मी दादाकडं बघितलं, तो माझ्याकडंच बघत व्हता, आणि मला झाकता येईना. म्या स्विच तिच्या हातावर ठिवला आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं, गजाननाला कसं फसवायचो ते सांगितलं, आणि त्या दिवशी दादा बोट वाकवून काय सांगत व्हता तेबी सांगितलं.

ती ओट्यावर बसली. स्विच उलटासुलटा करून बघितला. मंग म्हणली, मला का न्हाई सांगितलं. म्हणली, माझ्या भावांमुळं ना. दादा डाव्या हातानं डोळे पुसत व्हता. मंग ती म्हणली, भाऊजी, ह्यांना कुणाला न्हाई म्हणता येत नव्हतं, ते मला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय. पण तुम्हाला तर ह्यांना न्हाई म्हणता आलं असतं.

एवढंच. वरडली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी तिचाच निरोप आला, मला गाडी शिकवा. बावन्नाव्या वर्षी शिकली ताई. पिंपळगावच्या बाजाराच्या मैदानात शिकवली म्या तिला, लोक उभे राहून बघायचे, ती कुणाकडं बघायची न्हाई. आता दर गुरुवारी दादाला पुढं बसवती, मी मागं, आणि अंबडला घेऊन जाती. दादा आता काठी धरून चार पावलं टाकतो. माझ्याशी वैनी कामापुरतं बोलती. जेवायला अजूनबी वाढती, पण घ्या असं म्हणत न्हाई, नुसती वाढती.

आणि गाडीत बसली की चावी लावायच्या अगोदर आरशातून मला विचारती, अजून काही हाय का ह्या गाडीत, मला म्हाईत नसलेलं? मी म्हणतो, न्हाई वैनी. मंग ती दादाकडं बघती. दादा मान हालवतो, तवा चावी फिरवती. आता वरीस व्हईल, एकबी गुरुवार तिनं विचारल्याबिगर सोडला न्हाई. विचारू द्या. तिचा हक्क हाय. तिच्या हातून दादा सुखरूप जावो आणि सुखरूप येवो, मला तिनं कवा माफ न्हाई केलं तरी चालंल.