दहा मिनिटांचा फिल्टर

…नाही, पण मी म्हणते, माणसाने माणसाला एक हाक मारायला काय जातं हो? जीभ झडते? पण नाही! आमच्या महिपतना… घ्या, नाव घेतलं! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचं नाव बिनउखाण्याचं घेतलं, एवढी वैतागलेय मी! तर यांचं आपलं एकच. "दहा मिनिटांचं काम, गुणवंती!"

तुम्हाला सांगते, या दहा-दहा मिनिटांत मी म्हातारी झाले. पडवीची कौलं परतायची, दहा मिनिटांचं काम… चार महिने मी टोप मांडून बसले होते, एक इथे ठिबकतंय, एक तिथे ठिबकतंय! विहिरीचा रहाट, दहा मिनिटांचं काम… अजून कळशी हाताने ओढतेय. दंड बघा माझे!

तर झालं काय, आमची एक लहान होडी आहे, फायबरची, मागे आऊटबोर्ड मशीन. संध्याकाळी आरे-वारेच्या बाजूला जाळं टाकून यायचं, सकाळी उचलायचं, आणि मी पाटी घेऊन बाजारात बसायचं, असा आमचा संसार. गेल्या आठवड्यात ते मशीन रुसलं. म्हणजे सुरू व्हायचं हो, पहिल्या दोरीला सुरू! चार मिनिटं चालायचं, मग खोकायचं… आणि गप्प. परत दोरी ओढा, परत चार मिनिटं, परत गप्प. हे मशीनजवळ कान घेऊन गेले, डोळे मिटले, मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली आणि म्हणाले, "फिल्टर. पेट्रोलचा फिल्टर चोंदला. बदलायचा. दहा मिनिटांचं काम."

मी आपलं सरळ मनाने म्हटलं, "रावजी भावोजींना दाखवा की."

झालं! नको ते नाव मी घेतलं. रावजी म्हणजे यांचा सख्खा धाकटा भाऊ. शेजारी घर, मधे कमरेएवढा दगडांचा गडगा. अख्ख्या बंदरातली मशीनं तो दुरुस्त करतो, लोक कुठून कुठून त्याला शोधत येतात. आणि आम्ही? आम्ही त्याच्याशी तीन वर्षं बोलत नाही! का? तर त्याने नवंकोरं मशीन घेतलं, तेव्हा हे म्हणाले, "थांब, मोठा भाऊ आहे ना मी? मी बसवतो होडीवर. दहा मिनिटांचं काम." बसवलं. होडीच्या पाठीला मशीन धरून ठेवायला दोन चाव्या असतात, त्या नीट पिळायच्या असतात. यांनी काय पिळल्या देव जाणे! नारळ फोडला, पेढे वाटले, होडी खाडीच्या मधोमध गेली आणि गाव काठावर बघतंय… डुब्! मशीन तळाला!

रावजी काय म्हणाला असेल? शिवी नाही दिली हो पोराने. म्हणाला, "दादा, एवढंच म्हण, माझं चुकलं. बाकी काही नको." आणि हे म्हणाले, "होडीचं लाकूड ओलं होतं."

संपलं! तेव्हापासून अबोला. आणि मधे कोण? मी! हा गडग्यापलीकडून, "वयनी, दादाला सांगा, फणसाची फांदी आमच्या कौलांवर आलेय." हे गडग्याअलीकडून, "सांग त्याला, मला डोळे आहेत." दोघं एकमेकांपासून तीन हातांवर! मधे मी उभी, पोस्टाच्या पेटीसारखी तोंड उघडं टाकून!

असो. तर फिल्टर. शहरात जाऊन नवीन आणला. बोटभर लांब, वर एक बाण काढलेला. मशीनवरचं झाकण काढलं. पाइपाची क्लिप सुटेना, पक्कड घेतली. पक्कड घसरली, बोट सोललं. क्लिप उडाली ती थेट चिखलात, आणि ती शोधायला कोण ओणवं? मीच ना! तोवर पाइपातून पेट्रोल गळायला लागलं, तर म्हणे, "वाटी आण, वाटी!" माझी आमटीची वाटी! जुना फिल्टर तिच्यात ओतला. मी वाकून बघितलं… पेट्रोल कसं, नितळ! कचरा नाही, पाण्याचा थेंब नाही, वाटीचा तळ दिसतोय.

मी म्हटलं, "अहो, हे तर स्वच्छ आहे."

"तुला दिसायचं नाही ते. बारीक असतं."

"आणि बाण कुठे करायचा?"

"मशीनकडे. एवढं कळतं मला!"

आणि खोटं कशाला बोलू, बाण त्यांनी बरोबर लावला. क्लिपा बरोबर लावल्या. पाइपाच्या मधे तो रबरी फुगा असतो, तो दाबून दाबून पेट्रोल वर चढवलं, एक थेंब गळला नाही. सकाळी आठला बसलेला माणूस साडेअकराला उठला. दहा मिनिटांचं काम! पण केलं हो. दोरी ओढली, मशीन भर्रर्र! मिनिटभर चालवून बंद केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं… जसं काही मशीनचा शोध यांनीच लावला!

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं उचलायला निघालो. रोजचा खलाशी आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या होडीतून जाळं टाकून लग्नाला गेलेला, जाळ्यात मासळी अडकलेली, नाही उचललं तर कुजणार. म्हणून मी होडीत. चार मिनिटं काय छान चाललंय! हे सुकाणूला, छाती पुढे. खाडीचं तोंड ओलांडलं, समोर मोकळा समुद्र, आणि… खुक्. खुक् खुक्. गप्प!

आता बघा, खाडीत बंद पडणं वेगळं आणि बाहेर बंद पडणं वेगळं. वारा जमिनीकडे ढकलणारा. जमीन म्हणजे वाळू नाही हो, काळ्या खडकांचं खडप! लाटा त्याच्यावर आपटून पांढऱ्या होताहेत. नांगर टाकला, तो तळाच्या दगडावरून खरडत सरकतोय. मी वल्हं मारतेय, हे दोरी ओढताहेत. मशीन सुरू होतं, दोन ढेंगा जातं, परत गप्प! ओठ पांढरे पडले यांचे. मी म्हटलं, "अहो, आता तरी कोणाला हाक मारा!" तर काय म्हणावं माणसाने? "थांब गो, दहा मिनिटांचं…" पुढचं बोललेच नाहीत. पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडलं!

तेवढ्यात मागून होडी आली. कोणाची? रावजीची! त्याने लांबूनच वेग कमी केला, आमच्यापासून पंधरा हातांवर आणून धरली. आणि भावाकडे बघतो का? छे! माझ्याकडे!

"वयनी, दादाला विचारा, काय झालं?"

मी म्हटलं, "अहो, विचारतोय काय झालं!"

"सांग त्याला, काही नाही झालं!"

"काही नाही झालं म्हणतात!"

खडप तीस हातांवर!

"वयनी, विचारा, फिल्टरचा बाण कुठे केलाय?"

"सांग त्याला, बाण बरोबर आहे! मला शिकवू नको म्हणावं!"

"बाण बरोबर आहे, शिकवू नको म्हणतात!"

खडप वीस हातांवर! हातात वल्हं, डोळ्यांत खारं पाणी, आणि मी मरता मरता निरोप पोचवतेय! मग माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "मेल्यांनो, मी मेले तर माझ्या तेराव्याचा निरोपही मीच पोचवू का?"

तेव्हा तो रावजी उभा राहिला आणि थेट भावाला ओरडला, "दादा! डब्याच्या टोपणावरचा हवेचा स्क्रू बघ!"

यांनी पेट्रोलच्या डब्याकडे बघितलं. टोपणावर बारकासा स्क्रू असतो, मशीन चालताना तो सैल ठेवायचा, म्हणजे डब्यात हवा शिरते. नाही शिरली तर पेट्रोल जाणार कसं? स्क्रू गच्च! डबा आत ओढला जाऊन पोट खपाटीला गेल्यासारखा झालेला. यांनी स्क्रू फिरवला… फुस्स! डबा टण्ण करून फुगला. फुगा दाबला, दोरी ओढली. एक… दोन… तिसऱ्या ओढीला भर्रर्र! खडप दहा हातांवर होतं हो. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

म्हणजे जुना फिल्टर चांगला होता. नवा फिल्टरही चांगला. आणि जीव जात होता तो एका स्क्रूपायी!

बंदरात आलो. दोघं गुडघाभर पाण्यात उतरले. हे होडीचा काठ धरून उभे, नजर पाण्यात. डबा नेणं-आणणं सगळं यांचंच, दुसरं कोण त्याला हात लावणार? स्क्रू आपणच गच्च ठेवला, असंच धरून चालले हे. आणि एकदम, भावाकडे न बघता, बारीक आवाजात म्हणाले, "माझं चुकलं रे."

तुम्हाला सांगते, रावजी होता तिथेच थिजला. त्याला वाटलं, हे त्या बुडालेल्या मशीनचं म्हणताहेत! डोळे भरले त्याचे. "तीन वर्षं लागली होय रे दादा, एवढं म्हणायला?" आणि गळ्यातच पडला. हे बावरले, माझ्याकडे बघितलं… आणि गप्प राहिले. शहाणपण सुचलं! दुपारी दोघं एका पंगतीला जेवले, बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं. यांचा चेहरा तर असा हलका, जसं कोणी डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

आणि मी? मी आपली मान खाली घालून नुसती वाढत होते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं… पण गावात बोलू नका हां! तो डबा असतो आमच्या पडवीत, चुलीच्या खोलीच्या दाराशी. आठवडाभर भाताला पेट्रोलचा वास. शेवटी, मशीन रुसायच्या आदल्याच दिवशी, मी पक्कड घेतली आणि तो स्क्रू आवळला. चांगला गच्च! वास गेला, मी विसरले.

सांगायला तोंड उघडलं हो, दोनदा उघडलं. पण सांगितलं तर हे लगेच गडग्याशी जाऊन उभे राहणार, "रावजी, ऐकलंस? माझं नव्हतंच चुकलं!" मग परत अबोला, परत मी पोस्टाची पेटी! म्हणून गिळलं. आता काय सांगू तुम्हाला… सत्तावीस वर्षं मी कान लावून बसले होते, हा माणूस एकदा तरी "माझं चुकलं" म्हणेल म्हणून. म्हणाला. एकदाच म्हणाला…

आणि तेही चुकलं होतं माझं!