रश्मीचा बोका आणि मधली भिंत

अगं, इथे लंडनमध्ये, पिनरला, आमच्या शेजारच्या रश्मीचा बोका, लाडू, थोडक्यात बचावला बघ. त्याचा वाळूचा ट्रे सोडून तो रोज तिच्या गादीवर शू करायचा. परवा रश्मी रडतच आली. "काकू, हे म्हणतात, शनिवारी त्याला शेल्टरमध्ये देऊन येऊ."

"ट्रे ठेवलायस कुठे?"

"वॉशिंग मशीनला चिकटून. स्वच्छ असतो हो, दिवसातून दोनदा साफ करते!"

"आणि गादीवरच्या त्या ओल्या चादरी?"

"रोज सकाळी मशीनला लावते."

"तरीच! मशीन गरगरायला लागलं की लाडू किंचाळत पळतो. घाबरून ट्रेकडे फिरकत नाही, गादीवर करतो. मग तू परत मशीन लावतेस!"

रश्मीने डोळे पुसले. "काकू, तुम्ही भिंतीला कान लावून बसता?"

"पिनरच्या भिंती पातळ असतात गं," मी म्हटलं.

तिने त्याच दिवशी ट्रे जिन्याखाली हलवला. शनिवार आला नि गेला, लाडू घरीच आहे. गादी कोरडी, मशीन आठवड्यातून एकदाच लागतं. आता भिंतीपलीकडून काही म्हणता काही ऐकू येत नाही. मला मेलीला करमतच नाही!