मेनूतलं नाव

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला, "अलका, तू लिहून दिलेलं 'पत्रं' हे नाव संगणकाच्या मेनूतून पुन्हा गेलं गं."

"मेनू आपोआप बनतो, अण्णा. किती वेळा सांगू?" म्हणत तिने फोन ठेवला. पहाटे अण्णा गेले.

महिन्याने ती वडिलांचा संगणक घेऊन राजपुऱ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात बसली होती. शेजारी, चालू करून ठेवलेल्या संगणकासमोर, धूलकोटचे म्हातारे गुरुजी आणि त्यांचा मुलगा.

"माझी भजनाची वही कुठं गेली रे?"

"वही अंदरच आहे, बाबा. मेनूतलं नाव गेलं फक्त."

"तू तर हातानं लिहिलं होतं."

"म्हणूनच गेलं ना! नवीन प्रोग्राम टाकला की मशीन सगळा मेनू नव्यानं बनवते. हातचं पुसून टाकते."

"तिला सांग, माझं तेवढं राहू दे."

"मशीन ऐकते का कोणाचं?"

"मग पुन्हा लिही."

"कितनी बार, बाबा?"

"बरं, राहू दे. आता नाही विचारत."

अलका उठली. "सरका काका, मी लिहून देते."

"अन् पुन्हा पुसलं तर, पोरी?"

"पुन्हा विचारा." तिचा आवाज दुकानभर ऐकू गेला. "रोज विचारा, अण्णा. मी चिडणार नाही."