सावली पायरीला लागस्तवर

— तसं न्हवं पावनं, मांडी घाला नीट, लेकराची मान डाव्या हातावर घ्या. जावळ मामाच्या मांडीवरच हुतं, ही रीत काय मी काढलेली न्हाय. नाव काय म्हनला तुमचं? इंद्रजीत. आन् भाच्याचं? अद्वैत. सात म्हयन्याचा? झ्याक! केस लई दाट हायती की. मी ज्ञानू. वेळापुरात ह्या देवळाम्होरं, ह्याच लिंबाखाली चाळीस वर्सं जावळं काढतोय — काढतो वो, काढतो, घाई काय हाय? चारचा म्हूर्त? आवो, म्हूर्त म्हंजी केसाला पानी लावायचं. हे बगा लावलं. झाला म्हूर्त, देव खूश. आता फुडचं सावकाश हुतंय.

ब्लेड कुटं ठिवलं म्या… पेटीत न्हाय. हितंबी न्हाय. उटू नका, सापडंल. चा घ्या तंवर. — त्यो तुमचा कॅमेरावाला काय वरडतोय? डोकं झालं की लगीच देवळाला पाच फेऱ्या, उगड्या डोक्यानं, ऊन पडून टाळकं चमकाय पायजे? चमकंल की! आपल्या सोलापूरचा एप्रिल हाय, त्याला म्हनावं चप्पल काढून त्या फरशीवर हुबा ऱ्हा, तूच चमकशील. आवो, सात म्हयनं केसाखाली झाकल्यालं कातडं ते. त्याला ऊन ठावंच न्हाय. मोठ्या मानसाला ह्या उनात घेरी येती, आन् ह्यो तर अजून बसायबी शिकला न्हाय धड.

व्हय व्हय, ताईनं उनाच्या मलमाची टूब आनलीय, मगाशीच बगितली. हुशार हाय तुमची बहीन. सा म्हयन्याच्या आत तसलं लावूच ने म्हनत्यात, ह्यो सातात हाय — डॉक्टरला इचारलंय न्हवं? मग गालाला, पंजाला लावा थोडं. पर ताज्या काढल्याल्या डोक्याला न्हाय बरं का, तितं वस्तरा फिरल्याला असतोय, झोंबतंय. डोक्याला सावली आन् सुती कापड, बास. आन् कापड म्हंजी ते तुमचं लोकरीचं टोपडं न्हवं! कुनी घातलं वो ते? काढा, काढा, घामाघूम झालंय लेकरू. आईला म्हनावं, दूध पाजत ऱ्हा मदनंमदनं. — मला कुनी शिकीवलं? आमच्या सुनंनं. उत्कर्षा. अकलूजला दवाखान्यात नर्स हाय. तिनं शिकीवलं म्हंजी… शिकीवलंच म्हना.

ब्लेड गावतंय, गावतंय. तंवर एक ऐका. हितलाच एक म्हातारा हुता. नातीचं जावळ काढलं भर बारा वाजता. बरं काढलं तर काढलं, वर वंजळभर खोबरेल चोळलं तिच्या डोक्याला — का? तर फोटूत चकाकाय पायजे! तेल लावून पोरगी उनात फिरीवली, सगळ्या गावाला दावत. संद्याकाळी डोकं लालबुंद. दुसऱ्या दिशी फोड. चार दीस ताप. पोरगी डोकं टेकून निजंना, रातभर आईच्या खांद्यावर. त्या म्हाताऱ्याला एकानंबी अडवलं न्हाय, का, तर समदी म्हनाली, ज्ञानूला काय कळत न्हाय व्हय, जलमभर हेच करतोय… आता. तोंडातनं गेलंच की वो.

व्हय, मीच. आन् ती सृष्टी. बरी हाय आता, चार वर्साची झाली, दोन येन्या घालती, मला इडिओवर टाटा करती. पर सून तवापासनं तिला हितं घिऊन आली न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली न्हाय. नुसतं इचारलं, “आण्णा, तेल कुणी लावलं?” आन् मी… हसू नका हां पावनं… मी म्हनलो, तुज्या सासूनं.

माजी बायकू केराबाई तितंच हुबी हुती.  दुसऱ्या दिवसापासनं जुन्या धोतराच्या कुंच्या शिवाय बसली. मऊ, पांढऱ्या, डोक्यापासनं पाठीपतूर झाकनाऱ्या. तवापासनं माज्याकडं जावळाला येनाऱ्या एकेका लेकराला एक. पैशे न्हाय, कायबी न्हाय. ही घ्या तुमच्या अद्वैतची. मी इचारलं तिला, सुनंला माझं नाव का सांगितलं न्हाईस? म्हनली, तुमचं तुमी सांगा. तीन वर्सं झाली, मी सांगतोच हाय — लिंबाला, पावन्याला, कॅमेरावाल्याला. जिला सांगायचं ती तेवडी ऱ्हायली.

आन् आता सुनंला दुसरा झालाय. आट म्हयन्याचा. फुडल्या म्हयन्यात जावळ. पोरगा फोनवर म्हनला, आण्णा, ती अकलूजलाच पार्लरात करूया म्हनती. पार्लरात! एशीत! माज्या नातवाचं! लई लागलं बगा. पर कोनत्या तोंडानं बोलू?

पावनं, तुमी शिकल्यालं हायसा. माझ्या फोनवरनं एक काम करा. त्या पायरीचा फोटू काढा. सावली आली बगा पायरीला, समदी फरशी झाकली. कुंचीबी घ्या फोटूत, तुमचा भाचाबी. उत्कर्षाला धाडा. खाली लिवा — आण्णा म्हनत्यात, सावली आल्याबिगर वस्तरा उचलत न्हाय. लिवलं? आनि लिवा — तेल मी लावलं हुतं, सासूनं न्हवं. …नगं, थांबा, ते ऱ्हाऊ द्या… धाडलं? धाडलंसा व्हय? आवो, इतकी कसली घाई तुमाला!

ब्लेड? ह्ये काय, खिशात. मगापासनं खिशातच हुतं. उनात फिरवाय मी जावळ काढून देतोय व्हय?

दोन रेघा निळ्या झाल्या म्हनता? म्हंजी वाचलं तिनं. कायतरी लिवती हाय? ठिवा, ठिवा तो फोन पेटीवर, पालता. उत्तर आलं तरी आता सांगू नका. वस्तरा लेकराच्या डोक्याला लागला की माझा हात हलाय नगं. धरा मुंडी. आता गप.